समोरासमोर दोन खिडक्या

फेब्रुवारी २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या सरकारनं शाळांतली हवा सुधारण्यासाठी काही रक्कम बाजूला काढली. बहुतेक पैसा यांत्रिक पंख्यांसाठी आणि हवा गाळणाऱ्या यंत्रांसाठी होता. तीन लाख पौंडांच्या आसपासचा एक लहान हिस्सा मात्र सुमारे २,००० वर्गांची दारं खालून थोडी कापण्यासाठी होता. बातमी आली आणि त्या कापाकापीचं हसं झालं. विरोधकांनी टीका केली, वर्तमानपत्रांना आयता मथळा मिळाला, आणि आगीच्या वेळी धूर अडवणारी दारं कापणार का, असा रास्त प्रश्नही लगेच पुढे आला. चार दिवसांत विषय संपला. हे हसणं माझ्या मनातून मात्र गेलं नाही. दाराखाली फट ठेवायची कल्पना वेडगळ नाही, जुनी आणि पक्की आहे. न्हाणीघराच्या भिंतीत बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला आणि दार खालपासून वरपर्यंत घट्ट बसत असेल तर तो पंखा नुसता घरघरतो. जेवढी हवा बाहेर जायची तेवढी आत यायला वाट हवी. वर्गाचंही तेच. खिडकीत पंखा बसवून दार गच्च लावलं तर पंख्याचा खर्च पाण्यात. कापलेल्या दारातून व्हरांड्यातली हवा आत येते आणि खिडकीतून वर्गातली बाहेर जाते, इतका साधा हिशोब. धूर अडवणारं दार कापायचं नाही, ही अट त्याच कागदावर ठळक लिहिली असती तर हसण्यासारखं काही उरलं नसतं.

हसू का आलं, ते कळतं. हवा दिसत नाही. फुटकी कौलं दिसतात, तुंबलेलं स्वच्छतागृह दिसतं, नळाला पाणी नाही हे पहिल्याच तासाला कळतं. ४० मुलं दोन तास एका खोलीत बसून तिथली हवा वापरून टाकतात, हे कुणाला दिसत नाही आणि त्याची तक्रारही कुणी करत नाही. मुलं पेंगतात, बाई म्हणतात लक्ष नाही, आणि खापर जेवणावर किंवा रात्रीच्या मोबाइलवर फुटतं.

म्हणून एकदा आकडेमोड मांडावी. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटरहून थोडी उंच अशी नेहमीची वर्गखोली धरली तर तिच्यात साधारण १५० घनमीटर हवा मावते. दहाएक वर्षांचं मूल शांत बसून तासाला सुमारे १२ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. ४० मुलं आणि एक शिक्षक मिळून तासाला ५०० लिटर. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाख भागांत ४२० च्या आसपास असतो. खोली अगदी बंद असेल तर दहा-अकरा मिनिटांत आकडा १००० च्या पुढे जातो आणि अर्ध्या तासाच्या आत २००० गाठतो. प्रत्यक्षात दाराच्या, कौलांच्या, तावदानांच्या फटी थोडा दिलासा देतात, पण फार नाही. हा वायू या प्रमाणात विषारी नाही. तो साक्षीदार आहे. वर्गात त्याची भर फक्त माणसांच्या श्वासातून पडते, त्यामुळे तो जितका साठला तितका दुसऱ्यांचा उच्छ्वास आपल्या आत चालला, असा सरळ अर्थ निघतो. आकडा २५०० वर असताना वर्गातला दर अठरा-वीस श्वासांतला एक श्वास आधी कुणाच्या तरी फुप्फुसातून फिरून आलेला असतो. त्या कुणाला तरी गोवर असेल, फ्लू असेल, क्षय असेल, तर पुढचं वेगळं सांगायला नको.

हा साक्षीदार शोधला म्युनिकमधल्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी, १८५८ मध्ये. खोलीतली हवा शिळी झाली हे नाकाला कळतं, पण नाक मोजमाप देत नाही, म्हणून त्यांनी कार्बन डायऑक्साइड मोजला आणि हजारात एक भाग ही मर्यादा सुचवली. म्हणजेच दहा लाखांत १०००. आजही जगभरच्या नियमावल्या याच आकड्याच्या आगेमागे फिरतात. नाकाचं त्यांचं निरीक्षणही विसरू नये. पावसाळ्यात तिसऱ्या तासाला एखाद्या वर्गात बाहेरून पाऊल टाकावं. ओले रेनकोट, कोपऱ्यातल्या छत्र्यांखालचं पाणी, तेल लावलेल्या केसांचा वास, दप्तरातल्या डब्यातली लसणाची चटणी, ओल धरलेल्या भिंतीचा बुरसट दर्प, या सगळ्यांचा एक जाड थर अंगावर येतो. पाच मिनिटं तिथंच उभं राहिलं की तो नाहीसा होतो. हवा तीच असते, नाक सरावलेलं असतं. म्हणून वर्गात सकाळपासून बसलेल्या मुलांना किंवा शिक्षकांना ‘कोंदट वाटतं का’ असं विचारून उपयोग नाही. बाहेरून येणाऱ्याचा पहिला मिनिटच खरा.

पेटेनकोफरनंतरची पिढी क्षयाच्या धास्तीनं थेट भिंतीच बाजूला सारायला निघाली. १९०४ मध्ये बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गला झाडीत शाळा भरली, चार वर्षांनी अमेरिकेत प्रॉव्हिडन्सला तसाच वर्ग सुरू झाला, आणि १९२२ मध्ये पॅरिसला अशा मोकळ्या हवेतल्या शाळांची आंतरराष्ट्रीय परिषदही भरली. वास्तुकार, डॉक्टर आणि शिक्षक अनेक देशांतून एकत्र आले. खिडकी केवढी असावी, मुलांना दुपारी किती वेळ आडवं करावं, पांघरूण कोणतं द्यावं, यावर त्यांनी एकमेकांच्या वह्या पाहिल्या. ॲमस्टरडॅममध्ये यान डाउकर यांनी १९३० मध्ये बांधलेली काचेची आणि उघड्या गच्च्यांची शाळा त्याच विचारातली. शांतिनिकेतनात तर १९०१ पासून झाडाखाली वर्ग भरत होते. तिथली प्रेरणा वेगळी होती, पण फुप्फुसांच्या दृष्टीनं फळ तेच. पुढं क्षयावर औषधं आली, इंधन महागलं, खिडक्या लहान आणि घट्ट झाल्या. शाळेच्या हवेचा विषय डॉक्टरांच्या टेबलावरून उतरला तो पन्नासेक वर्षं कुणी उचलला नाही.

तो पुन्हा उचलला गेला तेव्हा देशांनी एकमेकांकडून काय घ्यावं, हे नीट कळलेलं होतं. मोजायची एकच रीत घ्यावी. युरोपात आधी इटली, फ्रान्स, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या पाच देशांनी २१ शाळांत एकाच पद्धतीनं हवा मोजली आणि दहा वर्षांच्या आसपासची मुलं तपासली. दोन-तृतीयांश मुलं १००० च्या वरच्या हवेत बसत होती, आणि त्यांच्यात कोरडा खोकला आणि सतत चोंदणारं नाक स्पष्टपणे जास्त होतं. मार्च २०१० मध्ये पार्मा इथं जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागातल्या मंत्र्यांनी प्रत्येक मुलाला बालवाडीत आणि शाळेत निरोगी बंदिस्त वातावरण देण्याची जाहीर बांधिलकी घेतली. पाठोपाठ २३ देशांतल्या ११४ शाळांत आणखी मोठी पाहणी झाली, तिला सिन्फोनी असं नाव होतं. बेंझीन, फॉर्माल्डिहाइड, रेडॉन, बारीक धूळ, बुरशी, सगळं एकाच वेळापत्रकानं आणि सारख्याच उपकरणांनी. यातलं महत्त्वाचं काम कंटाळवाणं आहे. उपकरण जमिनीपासून किती उंचीवर ठेवायचं, किती दिवस ठेवायचं, वर्ग रिकामा असतानाचे आकडे धरायचे की नाही, हे ठरवण्यात माणसांची वर्षं जातात. पण ते ठरल्याशिवाय उत्तरेकडच्या घट्ट खिडक्यांच्या वर्गाची आणि दक्षिणेकडच्या उघड्या वर्गाची तुलना होत नाही, आणि तुलना झाली नाही तर प्रत्येक देश आपल्याच अंदाजांवर खूश राहतो.

रीत घ्यावी, नियम जसाच्या तसा उचलू नये.

हे जर्मनीच्या उदाहरणावरून चांगलं समजतं. २०२० च्या शरद ऋतूत तिथल्या पर्यावरण खात्यानं शाळांना सांगितलं, २० मिनिटं शिकवा, पाच मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडा, पुन्हा २० मिनिटं शिकवा. मधल्या सुट्टीत तर पूर्ण वेळ उघड्या. मुलं त्या हिवाळ्यात जॅकेट घालून, मांडीवर पांघरूण घेऊन बसली. त्यांच्याविषयी वाईट वाटतं, तरीही नियम शहाणा होता. बाहेर पाच अंश आणि आत २१ अंश असताना खिडकी उघडली की जड थंड हवा खालून आत घुसते आणि हलकी ऊबदार हवा वरून निघून जाते. वारा नसला तरी पाच मिनिटांत बरीचशी हवा बदलते, आणि भिंती व बाकं गरम असल्यामुळे तापमान दोन-तीन अंशांनी उतरून लवकर पूर्ववत होतं. हाच नियम सोलापूरच्या किंवा पणजीच्या शाळेत लावला तर पाच मिनिटांत जवळजवळ काहीच घडणार नाही. आत ३० अंश आणि बाहेरही ३० अंश. हवेला ढकलणारा तापमानातला फरकच नाही, फक्त वारा आहे. वाऱ्याला एका बाजूनं आत शिरून दुसऱ्या बाजूनं निघायला वाट लागते. एकाच भिंतीत चार खिडक्या असल्या तरी खिडकीजवळच्या दोन रांगांना झुळूक मिळते आणि भिंतीकडची रांग तशीच घामेजलेली राहते. समोरासमोरच्या दोन भिंतींत प्रत्येकी दोन चौरस मीटर उघडं असेल, आणि बाहेर सेकंदाला एक मीटर इतकी साधी झुळूक असेल, तर त्या खोलीतून सेकंदाला सहाशेच्या वर लिटर हवा वाहते. म्हणजे ४० मुलांमागे प्रत्येकी १५ लिटर. हवेच्या अभ्यासक लिडिया मोराव्हस्का आणि त्यांच्या अनेक देशांतल्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये सार्वजनिक इमारतींसाठी सेकंदाला माणशी १४ लिटर आणि कार्बन डायऑक्साइड ८०० पर्यंत अशी मर्यादा सुचवली आहे. थंड देशांना त्यासाठी यंत्रं लागतील, वीज लागेल. आपल्याला बिजागऱ्यांना तेल लागेल.

आणि इथंच आपलं घोडं अडतं. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेची एखादी खोली जवळून पाहावी. व्हरांड्याकडच्या भिंतीत दार आणि दोन खिडक्या, मागच्या भिंतीत दोन खिडक्या, आणि छताखाली हातभर लांबीचे झरोके. बांधणाऱ्यानं सगळं नीट केलेलं असतं. आता मागच्या एका खिडकीला लोखंडी कपाट टेकलेलं आहे, त्यात मागच्या तीन वर्षांची मूल्यमापनाची कागदपत्रं. दुसरीच्या कडीवर तैलरंगाचे इतके हात बसलेत की ती चौकटीशी एकजीव झाली आहे. झरोक्यांत पारवे येतात म्हणून पुठ्ठे ठोकलेत. एका गजाला खराट्याची मूठ अडकवली आहे. राहिला व्हरांडा, तर तिथं पोषण आहाराची खिचडी शिजते. गॅस असेल तर ठीक, सरपण असेल तर धूर सरळ वर्गात, आणि मग त्या दोन खिडक्याही लावून घेतात. कागदावर खोलीला चार खिडक्या आणि चार झरोके आहेत. हवेला वाट एकच, दार.

ही खोली सुधारायचा क्रम ठरलेला आहे आणि तो उलटा करू नये. पहिल्यांदा कपाट हलवायचं, ते बंद भिंतीला लावायचं. मग अडकलेली खिडकी सोडवायची. इथं घाई घातक आहे. २०१७ च्या नोव्हेंबरपासून आपल्याकडे घरगुती रंगांत शिसं दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त चालत नाही, पण त्या आधीचे जुने तैलरंग या चौकटींवर थरावर थर आहेत. ते कोरडे खरवडले किंवा पॉलिशपेपरनं घासले की शिशाची धूळ बाकांवर, फरशीवर आणि मुलांच्या बोटांवर येते. म्हणून सुट्टीच्या दिवशी, पाणी मारून ओलं करून खरवडायचं, खाली जुनं प्लास्टिक पसरायचं, ते गुंडाळून फेकायचं आणि फरशी दोनदा ओल्या फडक्यानं पुसायची. झरोक्यातला पुठ्ठा काढून अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी लावायची. पारवा अडतो, वारा अडत नाही. तिथली वाळलेली विष्ठा झाडूनं झाडायची नाही, ती उडते आणि फुप्फुसात जाते. पाणी शिंपडून, नाकातोंडाला घट्ट मास्क लावून खरडून काढायची. डासांची बारीक जाळी लावायची असेल तर ती महिन्यातून एकदा काढून धुता येईल अशी चौकटीत लावावी. बारीक जाळी नवी असतानाच वारा खूप अडवते, आणि धुळीनं माखली की खिडकी उघडी दिसते पण बंद असल्यासारखीच. चूल मात्र हलवलीच पाहिजे. वर्गापासून लांब, आणि वारा नेहमी ज्या बाजूनं येतो त्याच्या विरुद्ध अंगाला.

पंख्याबद्दल एक गैरसमज फार घट्ट आहे. छताचा पंखा अंगावरचा घाम सुकवतो, म्हणून बरं वाटतं. हवा तो बदलत नाही. आतलीच हवा फिरवतो आणि एका कोपऱ्यातली खोकल्याची फवार सगळ्या वर्गाला सारखी वाटतो. खिडक्या उघड्या असतील तर पंखा फार उपयोगी, कारण आलेली ताजी हवा तो मागच्या बाकापर्यंत पोचवतो. बंद खोलीतल्या वातानुकूलन यंत्राचं त्याहून वाईट. भिंतीवरचं नेहमीचं दोन भागांचं यंत्र बाहेरची हवा अजिबात आत घेत नाही. आतलीच हवा ओढून, थंड करून परत सोडतं. खाजगी शिकवण्यांचे थंडगार, काचबंद, शंभर-शंभर मुलांचे वर्ग म्हणून मला जास्त काळजीचे वाटतात. तिथं मुलं चार-चार तास बसतात, परीक्षा जवळ आल्या की आणखी जास्त. डेन्मार्कमध्ये दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या वर्गांत बाहेरच्या हवेचं प्रमाण वाढवून पाहिलं, तेव्हा मुलांनी त्याच वेळात जास्त उदाहरणं सोडवली आणि चुका काही वाढल्या नाहीत. गुणांसाठी एवढी धडपड करणाऱ्या पालकांनी शिकवणीच्या खोलीत ताजी हवा कुठून येते, हा एक प्रश्न प्रवेश घेताना विचारायला हवा.

मोजायचं म्हटलं की उपकरण आलं, आणि फसगतही आली. बाजारात दोन प्रकार मिळतात. खऱ्यात अवरक्त प्रकाश हवेतून सोडून कार्बन डायऑक्साइड किती शोषला गेला ते मोजतात; खोक्यावर एनडीआयआर लिहिलेलं असतं. स्वस्त प्रकारात दुसरेच वायू हुंगून अंदाज छापतात. त्याच्याजवळ सॅनिटायझरची बाटली उघडली की आकडा उसळतो. खात्री करायची रीत सोपी आहे. उपकरण उघड्यावर, झाडाखाली नाही आणि रस्त्याकडेलाही नाही, अर्धा तास ठेवावं. ४०० ते ४५० च्या आसपास आकडा स्थिरावला पाहिजे. मग थोड्या अंतरावरून हळूच एक उच्छ्वास सोडावा, आकडा झटकन चढला पाहिजे. वर्गात ते बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीला, म्हणजे मीटरभर वर, ठेवावं. खिडकीत नको, पंख्याच्या झोतात नको, कुणाच्या तोंडासमोरही नको. आणखी एक चूक हमखास होते. बरीच उपकरणं आठवड्याभरातला सर्वांत कमी आकडा ४०० धरून स्वतःला दुरुस्त करत राहतात. कायम बंद असलेल्या वर्गात आकडा खरोखर ४०० वर कधी येतच नाही, तेव्हा ते हळूहळू खोटं बोलू लागतं आणि १२०० ला ९०० म्हणतं. म्हणून आठवड्यातून एकदा त्याला मैदानात नेऊन ठेवावं. इंग्लंडच्या शिक्षण खात्यानं २०२१ पासून शाळांना तीन लाखांहून जास्त उपकरणं दिली. हे मोठं काम आहे, आणि त्यामुळं पहिल्यांदाच हजारो शिक्षकांना आपल्या वर्गातली हवा दिसली. आकडा दिसल्यावर पुढं काय करायचं, ते कुणाच्या तरी नावावर लिहिलेलं मात्र लागतं.

बाहेरचीच हवा वाईट असेल तर? ऊसपट्ट्यात फडातलं पाचट जळत असतं, काळी राख व्हरांड्यात उडत येते. वीटभट्टीजवळच्या, खडी क्रशरजवळच्या, महामार्गालगतच्या शाळा आहेत. दिल्लीत दर हिवाळ्यात शाळाच बंद करायची वेळ येते. अशा दिवशी नुसतं ‘खिडक्या उघडा’ म्हणणं बरोबर नाही. तेव्हा हवा गाळावी लागते, आणि त्यासाठी अलीकडच्या काळातली सर्वांत उदार भेट अमेरिकेतून आली. २०२० मध्ये रिचर्ड कोर्सी या अभियंत्याची कल्पना टेक्सासमधल्या जिम रोझेंथल यांनी जोडून पाहिली. २० इंची चौकोनी पंखा, त्याच मापाचे, बारीक कण अडवणाऱ्या मर्व्ह-१३ प्रतीचे चार किंवा पाच गाळणपट (फिल्टर), पुठ्ठा आणि रुंद चिकटपट्टी. गाळणपट चौकोनात उभे करायचे, त्यांवरच्या बाणाचं टोक आतल्या बाजूला. वर पंखा, तो हवा वर फेकेल असा. सगळ्या कडा चिकटपट्टीनं बंद. पंख्याच्या तोंडावर मधोमध गोल भोक पाडलेला पुठ्ठा लावायचा, कारण पंख्याच्या चार कोपऱ्यांतून हवा उलटी आत शिरते आणि जोर वाया जातो. तासाला हजार घनमीटरच्या आसपास गाळलेली हवा मिळते. आपल्या १५० घनमीटरच्या खोलीसाठी तासाला सहा-सात फेऱ्या. कोणी पेटंट घेतलं नाही. कृती सगळ्यांसाठी खुली ठेवली आणि अनेक देशांत मुलांनीच वर्गात अशी खोकी बांधली. जर्मनीत माइन्झच्या माक्स प्लांक रसायन संस्थेतल्या फ्रांक हेलाइस यांनी तर प्रत्येक बाकावर पारदर्शक प्लास्टिकची छत्री टांगली. अंगाच्या उबेनं वर चढणारा श्वास तिच्यात गोळा होतो, नळीतून मोठ्या नळाकडे आणि तिथून खिडकीतल्या पंख्यानं बाहेर. एका वर्गाचं साहित्य सुमारे २०० युरोंचं, सगळं हार्डवेअरच्या दुकानातलं.

पंखा आणि गाळणपटांच्या त्या खोक्याची अडचण आवाज आहे. पूर्ण वेगावर पंखा इतका घोंघावतो की शेवटच्या बाकावरच्या मुलाला बाईंचा शब्द कळत नाही. बाई तो मंद करतात, मग बंद करतात. एक जोरात चालवण्यापेक्षा दोन मंद चालवावीत, हा यावर अनुभवसिद्ध तोडगा. आपल्याकडे त्या मापाचा पंखा आणि गाळणपट सहज मिळत नाहीत, तेव्हा जो गाळणपट मिळेल त्याच्या मापाची चौकट सुताराकडून करून भिंतीतला एक्झॉस्ट पंखा तिच्यावर बसवावा लागतो. धुळीच्या भागात पट काही महिन्यांतच काळे पडतात. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी, गाळणीनं धूळ, धूर आणि जंतू अडतात, कार्बन डायऑक्साइड अडत नाही. खोकं सुरू करून उपकरणाचा आकडा उतरला नाही म्हणून ते निकामी ठरवू नये, आणि खोकं आहे म्हणून खिडक्या कायमच्या लावूनही घेऊ नयेत. पाचट विझलं की उघडायच्या.

सगळ्या देशांच्या वाटा पाहता मला जपानची रीत सर्वांत जवळची वाटते. तिथं प्रत्येक शाळेला एक नेमलेला औषधनिर्माता असतो. सुरुवात एका दुर्घटनेतून झाली. १९३० मध्ये होक्काइदो बेटावरच्या ओतारू शहरात अस्पिरिन समजून पाऱ्याचं विषारी संयुग दिलं गेलं आणि एक शाळकरी मूल दगावलं. त्यानंतर शाळांत औषधांवर देखरेख करणारा जाणकार नेमायची पद्धत पडली, आणि १९५८ च्या कायद्यानं ती सक्तीची झाली. पुढं याच माणसाकडे पिण्याचं पाणी, तरणतलाव, उजेड आणि वर्गातली हवा आली. वर्षातून दोनदा तो येतो, मुलं बसलेली असताना कार्बन डायऑक्साइड मोजतो, आकडा १५०० च्या वर असेल तर लेखी कळवतो. तो कुणी मोठा शास्त्रज्ञ नसतो, गावातल्याच औषधाच्या दुकानातला असतो. फ्रान्सनंही २०२३ पासून शाळांतल्या हवेची दरवर्षी पाहणी सुरू केली. ८०० पर्यंत समाधान, १५०० च्या वर दुरुस्ती. आकडे देशागणिक थोडे इकडेतिकडे असतात. जिथं काम झालं तिथं ते कुणाच्या तरी नावावर होतं.

आपल्याकडे ते कुणाच्या नावावर टाकायचं, हा विचार करताना मन कचरतं. शिक्षकांवर जनगणना, मतदारयाद्या, खिचडीचा हिशोब, ऑनलाइन माहिती, सगळं आधीच लादलेलं आहे. त्यात हवा मोजण्याचं आणखी एक काम सांगायची हिंमत होत नाही, आणि सांगूही नये. पण दहा-बारा शाळांमागे एक केंद्रप्रमुख असतात, ते शाळांना भेटी देतातच. केंद्राला एक खरं उपकरण पुरे. काही हजार रुपयांची वस्तू, पिशवीत मावणारी. समग्र शिक्षा योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानातला दहावा भाग स्वच्छतेसाठी राखलेला असतो. बिजागऱ्या, कड्या आणि जाळ्या त्यातूनच होतील. खिडक्या उघडण्याचं काम मुलांचं, जसं फळा पुसण्याचं असतं तसं, दर आठवड्याला दोघांकडे. प्रार्थनेआधी उघडायच्या. झाडू आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मारायचा, कारण सकाळी उडवलेली धूळ पहिले दोन तास खाली बसत नाही. डस्टर ओलसर फडक्याचं करायचं.

मोजणी वर्षातून तीनदा, दुसऱ्या तासाच्या शेवटी, सुट्टीच्या घंटेआधी. कागदावर पाचच गोष्टी, मुलं किती, कोणत्या बाजूच्या किती खिडक्या उघड्या, पंखा चालू की बंद, बाहेरचा आकडा, आतला आकडा. पहिली मोजणी डिसेंबरात, गारठ्यानं खिडक्या लागतात तेव्हा. दुसरी मार्चात, सकाळची शाळा सुरू झाल्यावर. तिसरी जुलैत, आणि तीही मुद्दाम मुसळधार पावसाच्या दिवशी. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाच्या अंगाची प्रत्येक खिडकी त्या दिवशी बंद असते, नाहीतर बाकं भिजतात. तिथं आकडा २००० च्या वर गेला तर कारण शोधायला लांब जायला नको. बाहेर जाऊन त्या खिडकीवर छज्जा आहे का, ते पाहावं. बहुतेक ठिकाणी तो अर्ध्या फुटाचा असतो किंवा फुटून पडलेला असतो. दोन फूट पुढं येणारा, थोडा खाली उतरता पत्रा बसवला की पाऊस तिरपा असतानाही ती खिडकी निम्मी तरी उघडी ठेवता येते. त्या कामाचं अंदाजपत्रक शाळा व्यवस्थापन समितीच्या ऑगस्टच्या सभेत, जुलैच्या आकड्यासह, ठेवावं.